उशिरा आलेलं उत्तर

३ फेब्रुवारी २००४
आलो एकदाचा नाशिकला! सातपूरच्या कंपनीत रुजू झालो. इगतपुरीला आशाला फोन करून सांगितलं, खोली मिळाली की तुला घेऊन येतो, पोटातल्या बाळासकट. ती म्हणाली, ते राहू द्या, आधी जेवलात का सांगा. बायको असावी तर अशी.
काम आवडीचं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. त्यानं डिस्ककडे मागणी पाठवायची. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर टाइमआउट, म्हणजे मागणी मेली म्हणायचं आणि तिची जागा पुढच्या मागणीला द्यायची. मला जागा मिळाली निवृत्ती गांगुर्डेंची. गेल्याच महिन्यात याच खुर्चीत गेले बिचारे.

९ फेब्रुवारी
चूक सापडली! मेली म्हणून सोडलेल्या मागणीचं उत्तर कधी उशिरा येतं, आणि तिच्या जागी आता जो बसलाय त्याच्या माहितीवर उमटतं. त्याचं पुसलं जातं. लेकाचं उत्तर खरं, घर तेवढं चुकलेलं.
आमचे मालक कारभारीसाहेब खूश झाले. सांगत होते, निवृत्तीच्या दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेचना. सगळ्यांनी नाना वचनं दिली, तरी नाही. यांना ऑफिसची घाई. शेवटी यांनीच गुरुजींना दर्भाचा कावळा करायला लावला, तो शिववला आणि मोकळे झाले. मी हसलो. म्हटलं, साहेब, तुम्ही टाइमआउट लावलात.

१६ फेब्रुवारी
खानावळीत वांग्याची भाजी मिटक्या मारत खाल्ली. मला वांगं चालत नाही, लहानपणापासून. निवृत्तीला फार आवडायचं म्हणे. भीती वाटली, खरंच वाटली.

२० फेब्रुवारी
नाशिक रोडला पहिल्यांदाच गेलो. पाय आपोआप गल्लीत वळले. दार सवितानं उघडलं, निवृत्तीच्या बायकोनं. तिचं नाव मला कुणीच सांगितलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी
खुर्ची बदलली. उपयोग नाही. प्रोग्राममध्ये उशिराचं उत्तर फेकून देता येतं. इथं कुठे फेकू — आशाच्या गालावरचा तीळ डावीकडे की —

२५ फेब्रुवारी
आशा माझी बायको. आशा. इगतपुरी. फोन नंबर — गेला. काहीच करता येत नाही —

२७
घरी आलो. एवढंच हवं होतं मला, घरी यायचं होतं. पत्र्यावर घास ठेवला — कावळा लगेच शिवला. सविता ओक्साबोक्शी रडली.
कारभारीसाहेब एका पोटुशा बाईला घेऊन आलेत. ती मला अहो म्हणते. जेवलात का विचारते. रडते. बिचारी — सविता, तिला पाणी दे. तिचा नवरा कुठे हरवलाय विचार, मी तर तिला कधी —