हाताला झेपेल अशी दोरी

कार्तिक वद्य ३, शके १८६८

झोप नाही. तंबू रात्रभर कण्हत होता आणि मी गप्प — उलटं व्हायला हवं होतं!

भोकरदनच्या लिलावातून ह्यांनी आणलेला जुना सरकारी तंबू. विहिरीच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली उभा केलाय. कापड धड आहे, पण दोऱ्या मोटेच्या नाड्याएवढ्या जाड. दवाने त्या आखडतात, ऊन चढलं की लोंबतात. रोज संध्याकाळी सैल करा, सकाळी ताणा. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलंय, "छातीत क्षय आहे. उघडी हवा, दूध, आराम. जड काही ओढायचं नाही." हे दिवसभर मोटेवर. हाक मारावी तर हाकेनंच खोकला येतो. म्हणजे हलकी दोरी हवी, माझ्या हाताला झेपेल अशी. सध्या एवढंच मागणं. बरी झाले की बाकीचं मागेन!

कार्तिक वद्य ५

आत्याबाई — माझ्या सासूबाई — भाकरी घेऊन आल्या. खुंट्यांच्या बाहेर एक दगड मांडलाय, त्यावर ठेवून मागे सरल्या. पाच वर्षांची माझी नंदा त्यांच्या पदराला धरून. "नंदे, दोरीच्या आत पाय टाकशील तर तंगडी मोडीन!" नंदाने लांबूनच मला बोरं दाखवली. एक खाल्लं, एक माझ्यासाठी दगडावर ठेवलं.

आत्याबाई पदरात खोकल्या. मिसरीचा जुना खोकला. आणि मला म्हणतात, "तोंडाला फडकं लाव आधी." लावलं. राग आला. नंदा रात्री त्यांच्या कुशीत झोपते, त्याचा हेवा वाटला. वाटला तर वाटला.

कार्तिक वद्य ८

बैलांचा सुती कासरा लावून पाहिला. मऊ, हलका, बोटांना गोड. रात्री दव प्यायला आणि असा आखडला की पहाटे खुंट्या उपटल्या, तंबू माझ्या अंगावर! वरून एक बांबू मोडला, कापडाचा कोपरा फाटला. ह्यांनी धावत येऊन बाहेर काढलं. मी हसत होते, हे माझ्या केसांतली माती झाडत होते.

कार्तिक अमावास्या

गावचे गाडीवान पाशामियाँ गाडी घेऊन आठवडी बाजाराला निघाले होते. दगडाशी थांबून एक पांढरी दोरी दाखवली. "वहिनी, बिलकुल हलकी! हवाई जहाजातून सोजीर उड्या टाकत्यात ना, त्यांच्या छत्रीची. लढाई सरली, आता बाजारात येऊन राह्यली."

काय दोरी होती! वेणीत माळावी अशी. पण गाठ बसेचना. मारावी आणि सुटावी. पाशामियाँ खजील होऊन म्हणाले, "सोजिराला एकदाच उतरायचं असतंय, तुमाला रोज ऱ्हायचंय." दोरी परत नेली. मला मात्र तो तिचा गुळगुळीतपणा दिवसभर आठवत राहिला.

मार्गशीर्ष शुद्ध ४

काय लिहू! हसून हसून छाती दुखतेय.

हे हसनाबादच्या बाजारात गेले. मोडक्या बांबूच्या जागी दोन बांबू, दोऱ्यांसाठी सुतळी, फाटलेल्या कोपऱ्याला पांढरं मांजरपाट, आणि माझ्या पाण्याला नवं मडकं. सगळं एकाच वेळी! मनात एकच, दोरी बारीक पाहिजे. दुकानदाराने तोंडाकडे पाहिलं, भाव सांगितला नाही. ह्यांनी विचारला नाही. तिरडीच्या सामानाचा भाव कोणी करत नाही, एवढंही ह्यांच्या ध्यानात आलं नाही!

हे माल घेऊन शेतात पोचतात तोवर बाजारातून बातमी गावात गेली आणि गाव मागून निघालं. डोक्यावर उपरणी, पाठीमागे लाकडांची गाडी. पुढे आत्याबाई, मोकळ्या केसांनी, ऊर बडवत. दगड ओलांडला, दोऱ्या ओलांडल्या, तंबूत शिरून माझ्या अंगावर पडल्या. "माझी लेक गं! माझी गुणाची लेक!" मी दूध पीत बसलेली. अर्धं सांडलं.

मी म्हटलं, "आत्याबाई, मी आहे."

त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. मग बाहेर ह्यांच्याकडे वळल्या, "मुडद्या, बांबू अन् सुतळी एकदम कुणी घेतंय का रे!" गाव हसावं की रडावं या पेचात. लाकडांची गाडी तशीच परत गेली.

लग्नाला आठ वर्षं झाली, पण लेक म्हणून हाक आज पहिल्यांदा ऐकली. मी मेले असं समजून का होईना.

मार्गशीर्ष शुद्ध ९

बाजारची सुतळी आत्याबाईंनी विहिरीत टाकली. "ती तंबूला लागायची न्हाई." आता दगडाशी बसून घरच्या अंबाडीची दोरी वळतायत. तीन पेड, बारीक, घट्ट पिळाची. वळतात, खोकतात, पुन्हा वळतात. हातभर झाली की टोक माझ्याकडे फेकतात.

"ओढून बघ. जड लागती का?"

"नाही."

"खरं सांग. मंग अजून बारीक करती."

एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. असं अंतर मला चालतं.

मार्गशीर्ष पौर्णिमा

नव्या दोऱ्या लागल्या. भिजल्या की ह्याही आखडतात, पण संध्याकाळी मी बोटभर सैल करते — माझी मी! गाठ सुटत नाही, हात दुखत नाहीत. हाक नाही, खोकला नाही.

पौष वद्य २

रात्रभर वारा. तंबू जागचा हलला नाही. मी गाढ झोपले.

माघ शुद्ध १०

डॉक्टर म्हणाले, "अंग भरलंय तुमचं." ताप नाही, रक्त नाही. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीकडे बघितलं तर आत्याबाई म्हणाल्या, "खा, नजर नको लावू." त्या स्वतः मात्र वाळल्यात. विचारलं तर म्हणतात, "म्हातारपण."

फाल्गुन शुद्ध ८

आज मी घरी! निघताना दोऱ्या सोडल्या, वळकट्या केल्या. शेवटची खुंटी काढली तशी नंदा दगडावरून धावत आत आली — म्हणजे आत आणि बाहेर असं काही उरलंच नव्हतं. किती जड झालीय पोर! उचलू नको म्हणून सगळे ओरडले. उचललीच.

डॉक्टरांचा निरोप आहे, घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून न्या.

फाल्गुन वद्य ५

नंदाची छाती साफ. ह्यांचीही. आत्याबाईंचा मिसरीचा खोकला मिसरीचा नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्यांचा क्षय माझ्याहून जुना, घरात आला तो त्यांच्याकडूनच.

राग आला. गाडीत जालन्यापासून गावापर्यंत त्यांच्याकडे पाठ करून बसले. त्या रडत होत्या, लिंब दिसेपर्यंत.

तंबू मीच उभा केला. संध्याकाळी आतून आवाज आला, "दूर ऱ्हाय गं. दोरीच्या आत येऊ नको."

तोंडाला फडकं लावलं, आत गेले, दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"ओढून बघा, आत्याबाई. जड लागते का?"