थेट विमान नाही

ता. ९ मार्च

चि. सौ. बारकीस अनेक आशीर्वाद.

जावईबापूंचा दमा कसा आहे? नातवाला दात आले का? तुझी कंबर काय म्हणते? आणि ते शिवणयंत्र अजून कुरकुरतं, की मालकिणीची बडबड ऐकून गप्प झालं?

आईने अंथरूण धरलंय. डोकं शाबूत आहे, पण दाराकडे डोळे. घास माझ्या हातचा आणि नाव तुझं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

विमानाने येऊ का, असं विचारलंस. अगं, विमानतळावर सामान तोलण्यात माझा जन्म गेला, माझं ऐक. तुझ्या गावाहून इकडे थेट विमान नाही. आधी उलट्या दिशेने मोठ्या शहरात जायचं, तिथे रात्र लोखंडी बाकावर काढायची, मग सकाळी दुसरं विमान. तुझी कंबर निम्म्या वाटेतच हात टेकेल. आई जरा सावरू दे, मग निवांत ये. तिची समजूत मी घालतो.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा दादा

ता. १७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

भरलेली पिशवी रिकामी केली. हे म्हणत होते, एकदा विमानतळावर चौकशी तर करून ये. मी म्हटलं, सख्ख्या भावाच्या शब्दाचा पडताळा कसला घ्यायचा?

आईसाठी मऊ गाऊन शिवून पाठवलाय. पुढून उघडतो, तिला हात वर करावे लागणार नाहीत. मी का येत नाही ते तिला नीट सांग हं. नाहीतर उगाच मनाला लावून घेईल.

तुझी बारकी

ता. २ मे

चि. सौ. बारकीस अनेक आशीर्वाद.

आई गेल्यापासून घर खायला उठतं. शेवटी शेवटी म्हणायची, बारकीला सवड नसेल, तिचा संसार आहे. मी काही बोललो नाही. आजारी माणसाशी वाद कशाला? तुझा गाऊन कपाटात नवाकोरा आहे. तो दाखवला असता तर पुन्हा तुझ्याच नावाचा जप धरला असता.

आता माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर औषध घालायलाही कोणी नाही. म्हटलं, तुझ्याकडेच यावं. सकाळचं विमान धरलं की पाऊण तासात तुझ्या गावात. घरून घेतलेला चहाही थर्मासात गरम राहील.

तुझा दादा

ता. ११ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे डोळे कसे आहेत? गुडघे? रात्रीचा खोकला?

तुझं पत्र घेऊन विमानतळावर गेले. खिडकीतल्या मुलीला विचारलं, हे पाऊण तासाचं विमान कधी सुरू झालं? म्हणाली, मावशी, माझ्या नोकरीच्या आधीपासून रोज जातंय. मग कुंपणापाशी उभी राहून ते उडताना पाहिलं.

पण ती कालची पोर. तुझा तर जन्म त्यात गेला. तेव्हा तुझंच खरं. तुझ्या गावाहून इकडे थेट विमान नाही. आधी उलट्या दिशेने जायचं, रात्र लोखंडी बाकावर काढायची. त्या डोळ्यांना कुठे सोसायचं ते? डोळे जरा सावरू देत, मग निवांत ये. शेजारी म्हणतील, बहिणीला सवड नसेल. तू काही बोलू नकोस. वाद कशाला?

आईचा गाऊन तेवढा पाठवून दे. पोस्टाला थेट विमान मिळतं, तेव्हा उत्तरही लवकर टाक.

तुझी बारकी