हौदबागेतला दगड आणि महादेवप्पाचा खोटा जबाब

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सार्वजनिक बागा, लातूर (नवीन जिल्हा)

अर्जदार : गुरम्मा भ्र. वीरण्णा बिरादार, वय साठीच्या पुढे, धंदा घरकाम व दुकानावर नजर, रा. उदगीर.

विषय : हौदबागेचा पहारेकरी महादेवप्पा याने सरकारी जबाबात धडधडीत खोटे लिहून दिल्याबाबत.

संदर्भ : त्यास कामावरून काढण्याची आपली नोटीस, बागेच्या फाटकावर डकवलेली.

महोदय,

वरील महादेवप्पाचे वागणे अर्जदारास बिलकुल पसंत नाही. खोदकामातला कोरीव दगड आपण स्वतःच्या मनाने उचलला, असा जबाब त्याने दिला आहे. त्याला स्वतःचे मन असते तर हा अर्ज लिहायची पाळीच आली नसती. दगड अर्जदाराने उचलायला लावला. हकीकत अशी :

१. यंदा दुष्काळाने नबाबाच्या वेळच्या या बागेचा मोठा हौद कोरडा पडला. तळातली माती काढताना जुने खापरी नळ निघाले, म्हणून पुराणवस्तू खात्याच्या सौदामिनीबाई येऊन खणू लागल्या. सारे उदगीर बघून आले, तशी अर्जदारही सोमवारी गेली. नवी सून होती तेव्हा याच हौदात तिने पाय बुडवले होते. तो असा तळापर्यंत उघडा बघून तिला बरे वाटले नाही. दोरी लावलेल्या खड्ड्यात एक गोल दगड होता. मध्ये उंचवटा, भोवती खोलगट कडा, कडेला पाणी जायची पन्हळ. अर्जदारास त्यात महादेव दिसला. साहेबांनाही दिसला असता.

२. देवाच्या डोक्यावर ना पाणी ना बेल, आणि पन्हळ उगवतीला. महादेवाची पन्हळ उत्तरेलाच पाहिजे, हे आमच्यात लहान लेकरालाही कळते. अर्जदाराचा जीव कळवळला आणि तोंड सुटले. महादेवप्पा नुकताच जेवायला बसला होता. तो म्हणाला, "अव्वा, हात लावू नका, बाईंना अजून मापं घ्यायचीत." त्यावर अर्जदार म्हणाली, "शिव उन्हात तापून राहिलाय अन् तू सावलीत बसून भाकर खाऊन राहिलास. गळ्यात लिंग बांधतोस ते काय शोभेला?" त्याने हातातला घास तसाच खाली ठेवला. तो घास अर्जदाराच्या डोळ्यापुढून जात नाही. दगड त्याने एकट्याने काढून लिंबाखाली नेला. पन्हळ उत्तरेला करून घ्यायला अर्जदार उभी होतीच.

३. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने विभूती लावून तांब्याभर पाणी वाहिले. टँकरचे पाणी, घरात मोजून वापरायचे. उंचवट्यावरची माती विरघळली, खाली भोक निघाले आणि सगळे पाणी दगडाच्या बुडातून येऊन लुगड्याचा काठ भिजला. महादेवाला आरपार भोक नसते. तो कारंज्याचा दगड होता. तोवर मागे बाया लोटे घेऊन उभ्या होत्या. अर्जदार बोलली असती तर त्या पाणी घेऊन घरी गेल्या असत्या. चारचौघींत हसे होईल म्हणून ती बाजूला सरकली आणि त्यांनाही ओतू दिले. ज्या बाईचे तोंड गावात कुणी बंद करू शकले नाही, ते त्या दिवशी तिने स्वतःच बंद ठेवले.

४. सौदामिनीबाई आल्या आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. एवढेच म्हणाल्या, "आजी, दगडाचं काही नाही हो. त्याचं तोंड कुणीकडं होतं, तेवढं हवं होतं. तिकडंच जुना पाट, अन् पाटाच्या टोकाला कदाचित विहीर." तेव्हाही अर्जदाराने ना दिशा सांगितली, ना दगड हलवायला कुणी लावला ते. मग महादेवप्पाने जबाब दिला, आणि आता त्याच्या घरची चूल विझायची वेळ आली आहे.

५. तरी अर्जदार शपथेवर सांगते की पन्हळ उगवतीला, नेमकी जुन्या चिंचेच्या बुंध्याकडे होती. यात चूक होणार नाही, कारण तेच तिच्या डोळ्यात खुपले होते.

सबब विनंती की महादेवप्पास कामावर ठेवावे, चिंचेच्या रोखाने खणावे, आणि जो दंड असेल तो अर्जदारास करावा. लिंबाखाली जाऊन बायांना खरे सांगायचे काम ती स्वतः करील. तो दंड आपल्या दंडापेक्षा मोठा आहे.

मान खाली घालून, पण सही स्वतःच्या हाताने,
गुरम्मा वीरण्णा बिरादार
ता. २० मे १९८३

सोबत जोडले : काही नाही. दगड जड आहे.

ता.क. : हा अर्ज टपालात टाकण्याआधी अर्जदाराने बागेच्या फाटकाशी उभे राहून महादेवप्पास मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "अव्वा, फाडून टाका. या वयात कचेरीत उभं राहणार का तुम्ही?" त्यावर चार माणसांत त्यास जे सांगितले, ते साहेबांनी खरा जबाब म्हणून लिहून घ्यावे :

"म्हादेवप्पा, दगड तू चोरला न्हाईस. तू चोरलीस ती माझी चूक. ती माझी मला परत दे, अन् बस खाली, आधी भाकर खा."