खलिफा सिटीतलं गुऱ्हाळ

खलिफा सिटी, अबू धाबी
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. अनुराधास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र निनादच्या हाती. तुझा मुलगा दर शुक्रवारी इथल्या ऑफिसातून शारजाला परततो, तर त्याचा मामाला एवढा तरी उपयोग होऊ दे.

अंगणातल्या दोन खजुरींचा वानोळा दर वर्षी तुझ्याकडे येतो. यंदाचा शेवटचा. ३१ ऑगस्टला व्हिला रिकामा, व्हिसा खलास, आणि मी पुण्याला तुझ्या वहिनीच्या ताब्यात. म्हटलं, आठ दिवसांत संपणारं काही नको, टिकणारं देऊ. म्हणून खजूर पाण्यात शिजवून, गाळून, तो रस आटवून पाक करतोय. ऑफिसचं जुनं लोखंडी कपाट भंगारातून आणलं, चाळीस दिरहमला, म्हणजे आपले हजारेक रुपये. खण काढले, आडवं पाडलं, वरच्या अंगाला भोक कापून केटरिंगचा पसरट स्टीलचा ट्रे बसवला. खाली झावळ्यांचा जाळ, मागे एसीच्या डक्टचं धुराडं, ट्रेच्या तळाला नळ. निनाद म्हणाला, मामा, जस्ट बाय इट फ्रॉम द सुपरमार्केट. तुमच्या घरचे संस्कार, दुसरं काय!

लोभ आहेच, उपदेश नको.
तुझा दादा, सूर्यकांत

शारजा
३ ऑगस्ट २०२५

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि तू जाळापुढे! ट्रे नुसता उन्हात ठेवला असतास तरी पाक झाला असता. मनोरमावहिनी आधी पुण्याला काय गेली, तू मोकाटच सुटलास. डोक्याला ओला पंचा बांध आणि दर तासाला ताक पी.

पण खरं सांगू? कर तू. सव्वीस वर्षं या देशात मला माहेर होतं. दिवसभर हिंदी-इंग्लिश बोलून जीभ दमली की दीड तास गाडी हाणायची आणि तुझ्या अंगणात पाय पसरून बसायचं. सप्टेंबरपासून कुठे जायचं, मला कळत नाही. शेजारची झुबेदा दर सुट्टीला आईकडे अजमानला जाते, तर मी आत्तापासूनच तिच्यावर जळते. म्हणून तुझा पाक मला हवाच आहे. बिघडवू नकोस.

लोभ वाढेल असं वागावंस, ही विनंती.
तुझी अनू

खलिफा सिटी
८ ऑगस्ट २०२५

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

उद्या राखीला आलीस की बाग बघून किंचाळशील, म्हणून आधीच कबूल करतो. घोटाळा झाला.

समुद्राचं पाणी उकळून गोडं करायच्या प्लांटवर माझी सदतीस वर्षं गेली. वाफेचं पाणी जपायचं आणि तळाला उरेल ते समुद्रात सोडायचं, एवढंच मला येतं. मंगळवारी ट्रेवर उतरतं झाकण बसवलं, त्याला नळी जोडली, आणि थंड झालेलं पाणी बाटल्यांत भरत बसलो. चार तासांत दहा बाटल्या, इतकं स्वच्छ की मन भरून आलं. मग हात आपोआप खालच्या नळावर गेला, आणि तळातलं सगळं मी मोगऱ्याच्या आळ्यात सोडून दिलं.

अर्धा खजूर गेला गं. मोगऱ्याखाली मुंग्यांची जत्रा भरली आहे. आता दुसऱ्या झाडाचा तेवढा उरलाय. वहिनीला कळवू नकोस.

लोभ कमी करू नये, हसू मात्र आवरावं.
दादा

शारजा
१० ऑगस्ट २०२५

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

काल हसून हसून माझं पोट दुखलं, आणि गाडीत बसल्यावर मेलं रडूच आलं. भावाला निरोप द्यायचा, तर मुंग्यांनी वानोळा खाल्ला!

येत्या शनिवारी मी स्वतः येते. झाकण काढून ठेव आणि वाफ जाईल तिकडे जाऊ दे. निघताना तुझ्या नळालाही एक राखी बांधली आहे, बघितलीस ना? ती सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे.

लोभ आहे, पण पाळत ठेवून.
अनू

खलिफा सिटी
२९ ऑगस्ट २०२५

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

राखी अजून नळालाच आहे. पाक तू डावाने काढलास, म्हणून पाच बाटल्या तरी हाती लागल्या. वाफ अशी डोळ्यांदेखत जाऊ देताना माझा जीव किती कासावीस झाला, ते तू पाहिलंसच. पाचही बाटल्या निनादबरोबर पाठवतोय. सोबत पहिल्या वेळच्या पाण्याचीही एक आहे. बाकीच्या नऊ बाटल्या झाडांना घातल्या, ही टाकवेना. सवय.

तुला इथे ठेवून जायला मला अजिबात बरं वाटत नाही. फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

लोभ इथलाच, पत्ता तेवढा पुण्याचा.
दादा

शारजा
२३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

आज भाऊबीज. तू समोर नाहीस, म्हणून बाल्कनीतून चंद्राला ओवाळलं. त्याने ओवाळणी काही घातली नाही, तेवढी तुझ्याकडे बाकी.

मग तुझी पाण्याची बाटली फ्रिजमधून काढली आणि त्यात चार चमचे पाक ढवळला. तू वेगळं केलेलं मी पुन्हा एक केलं. पहिल्या घोटालाच झावळ्यांच्या धुराचा वास आला आणि मी तुझ्या अंगणात जाऊन बसले. यांनी दोन पेले घेतले. सुट्टी घेऊन आलेला निनाद म्हणाला, मामाज सिरप इज ॲक्चुअली गुड. मी रडले, पण बरं वाटलं.

परवा झुबेदा आईकडे निघाली होती. माझं माहेर कुठे म्हणून विचारत होती. सांगितलं, फ्रिजमध्ये, दुसऱ्या कप्प्यात, पाच बाटल्या.

पाक आटवलास तेवढा पुरे. लोभ आटवू नकोस.
तुझी अनू