दोन्ही हात मोकळे

बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

आज पुन्हा माझ्या टेबलापाशी गर्दी! ‘रूथताई, कोन्ता घेऊ?’ — हल्ली वाचनालयात पुस्तकांपेक्षा हाच प्रश्न जास्त. कारभारीमामांना पुतण्याने भारीतला टॅब सांगितलेला. विचारलं, ‘करणार काय त्याचं?’ ‘पेपर वाचनार, कीर्तन ऐकनार.’ मग मोठ्या पडद्याचा साधा फोन पुरे! खूश होऊन गेले. आधी माणसाला विचारायचं, मग यंत्र बघायचं. माझा अंदाज चुकत नाही.

शेवटी मच्छिंद्र आला, डेअरीवरचा. सोबत बायको लंकाबाई — जन्मापासून ऐकू येत नाही. मुलगी सृष्टीही तशीच, जूनपासून नगरला वसतिगृहात. ‘हिला पोरीशी बोलायचंय, ताई. बहिरीला फोन कशाला म्हनून समदे हसत्यात.’

हसू देत! व्हिडिओ कॉल आहे की. म्हटलं, उद्या या, माझ्या फोनवरून लावून देते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

चुकला अंदाज. वसतिगृहातल्या बाईंनी सृष्टीला समोर बसवलं. इकडे लंकाबाईंनी एका हातात फोन धरला, दुसऱ्याने खुणा सुरू केल्या. पोर नुसती आठ्या घालून बघतेय. पडद्यावर चेहराच मावतो, हात बाहेर. आणि एक हात फोनला अडकला — म्हणजे लंकाबाईंचं अर्धं तोंड दाबल्यासारखंच!

लंकाबाईंनी फोन हळूच टेबलावर ठेवला. डोळे भरलेले.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सुचलं! टॅब. मागून टेकू देणारं कव्हर लावलेला. वाचनालयातला आहेच.

बुधवार, १३ ऑगस्ट

जमलं! टॅब खिडकीत उभा केला, लंकाबाई समोर खुर्चीवर. दोन्ही हात मोकळे. काय बोलत होत्या कोण जाणे — पण एकदा तर पोट धरून हसल्या.

आमचे अध्यक्ष भागवतअण्णा तरातरा आले. ‘वाचनालयात गप्पा?’ मी म्हटलं, ‘अण्णा, एक तरी शब्द ऐकू आला का?’ पेपर तोंडासमोर धरून बसले!

बुधवार, २० ऑगस्ट

मच्छिंद्रने तसाच टॅब आणला. दुकानदार महागातला गळ्यात मारत होता, मी फोनवरूनच थांबवलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

सृष्टी गणपतीला घरी आलीय. आज मच्छिंद्र एकटाच आला. वाटलं, टॅब बिघडला.

‘ताई, आता मला कोन्तं घ्यावं लागंल? मायलेकी दिसभर बोलत्यात, हसत्यात. मला जेव, चल, एवढ्याच खुना कळत्यात. घरात मुका मीच हाय.’

म्हटलं, ‘हे दुकानात नाही मिळत. लंकाबाईंकडून शिक.’

‘शिकवंल ती?’

‘कधी विचारलंस?’

मच्छिंद्रने पायात चपला सरकवल्या आणि डेअरीकडे न जाता घराच्या वाटेला लागला.