हौसा म्हशीमुळे रविवारी येणे होत नाही

मु. खडकपाडा, ता. इगतपुरी
मंगळवार, सकाळ (घड्याळात पाणी गेल्यामुळे नक्की वेळ लिहीत नाही)

तीर्थरूप सरिताआत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वाकून नमस्कार (डाव्याला आधी, तो जास्त दुखतो म्हणून). तुझी झोप, तुझं बीपी आणि वरच्या मजल्यावरच्यांची पिठाची गिरणी, तिन्ही आवाक्यात असतील अशी आशा करते. माझी तब्येत उत्तम आहे. उत्तम म्हणजे शिंका थांबत नाहीत, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या आहेत आणि काल मानेवर एक गोचीड सापडली. पण इथे हे सगळं उत्तमातच धरतात.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनला रेंज फक्त गावच्या पाण्याच्या टाकीवर येते आणि टाकीवर चढून घरगुती बोललं की ते गावभर होतं. दुधाची गाडी चालवणारे लियाकतभाई हे पत्र तुझ्या वॉचमनकडे देतील. ते फार विश्वासू आहेत. (पाकीट तरीही डिंकाने दोनदा चिकटवलं आहे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तसं त्यांना सांगूनही टाकलं.)

तर मुद्दा. बाबा रविवारी मला न्यायला गाडी घेऊन येणार आहेत आणि सोमवारपासून मला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं आहे, असा तुझा निरोप मिळाला. मला येता येणार नाही. पोळ्यापर्यंत इथेच राहावं लागेल. हे बाबांना तू सांगावंस अशी विनंती, कारण बाबांशी बोलताना माझं वाक्य 'पण'पर्यंत जातं आणि तिथेच बसकण मारतं. चौथीपर्यंत तू मला तुझ्या स्वयंपाकघरात शिकवलंस तेव्हा कारण लिहिल्याशिवाय उत्तराला मार्क द्यायची नाहीस. म्हणून कारण सविस्तर लिहिते. हे पत्र तू बाबांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

आमच्या स्वयंसेवी संस्थेने मला सहा आठवड्यांसाठी ज्या कुटुंबात ठेवलं आहे ते गेणूकाका आणि लंकामावशी यांचं. भाताची शेती, सात कोंबड्या (त्यातली एक माझ्या अंथरुणात अंडं घालते आणि मी हलले तर रागावते) आणि हौसा नावाची म्हैस. माझं काम म्हणजे गावात परसबागा लावून द्यायच्या. पण इथे पाऊस असा आहे की मी लावलेली पालक, मेथी आणि कोथिंबीर तिघी एकत्र वाहून शेजारच्या गावात गेल्या. तिथल्या लोकांनी त्या जगवल्याचं कळतं, तेव्हा कार्यक्रम यशस्वी म्हणायचा की नाही, हे मी अहवालात कोरं सोडलं आहे.

संस्थेच्या नियमावलीत सातवा नियम आहे: 'यजमान कुटुंबाला ओझे होऊ नये.' हा नियम वाचल्यापासून मला नीट झोप नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक गोष्टीची परवानगी घेत होते. पाणी पिऊ का, इथे बसू का, ही चप्पल इथे काढू का. शेवटी गेणूकाका म्हणाले, "पोरी, आता श्वास घ्यायच्या आधी इचारू नको, न्हाई तर मरशील." अंघोळीला मी अर्धीच बादली घेत होते, तर मावशींना वाटलं मला ताप आहे, आणि त्यांनी चार दिवस मला काढा पाजला. (काढा कडू होता. पण नको म्हटलं असतं तर त्यांच्या कष्टांचा अपमान झाला असता.) माझे कपडे वाळावेत म्हणून त्या ते चुलीवरच्या दोरीला टांगतात. त्यामुळे मी आता जाईन तिथे आधी माझा धूर पोहोचतो.

आता हौसा. आल्यापासून मी ऐकत होते की मावशी नऊ वर्षांत माहेरी गेलेल्या नाहीत. माहेर तिकडे देवळा तालुक्यात, मोठं कांद्याचं घर. भाऊ मल्हारी दर महिन्याला फोन करतो आणि मावशी दर महिन्याला टाकीवर उभं राहून सांगतात, "कशी येऊ रे दादा? हौसा माझ्याबिगर पान्हाच सोडत नाय." म्हणजे दुसरं कुणी धार काढायला बसलं की म्हैस दूध वर चढवून ठेवते. आत्या, एका बाईचं माहेर एका म्हशीने नऊ वर्षं अडवलं, हे ऐकून मला भाकरी जाईना. आणि मी मात्र या घरात ओझं होऊन बसलेली. मी ठरवलं, धार शिकायची.

मावशींना हे अजिबात पसंत नव्हतं. "लाथ मारंल", "शिंगावर घील", "तुज्या बापाला काय तोंड दाखवू", असं त्या रोज म्हणत. मला त्यात त्यांची माया दिसे. म्हशी कापड आणि वास ओळखतात असं गेणूकाकांनी सांगितलं, म्हणून मी मावशींचं जुनं हिरवं लुगडं मागून घेतलं. ते नेसण्यात पहिले दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी नेसून गोठ्यापर्यंत पोहोचले, पण लुगडं दारातच राहिलं. चौथ्या दिवशी लियाकतभाई मागून ओरडले, "लंकाभाभी, रातोरात उंची वाढली काय?" मी वळले, तर त्यांच्या हातातला कॅन पडला. पाचव्या दिवशी हौसाने मला शेणात बसवलं. मी तिची माफी मागितली, कारण चूक माझी होती, माझे हात गार होते. आठव्या दिवशी तिने मागे वळून माझा खांदा हुंगला (धुराचा उपयोग झाला असावा) आणि पान्हा सोडला. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा मी रडले. रडताना थेंब दुधात पडू नये म्हणून मान बाजूला करून रडले.

गेणूकाका तसेच धावत टाकीवर गेले आणि त्यांनी मल्हारीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मल्हारी स्वतः जीप घेऊन दारात! भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकलेली, म्हशीची सोय झालेली, मावशींना अडचणच उरली नाही. जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. डायरीत मी 'कृतज्ञतेने' असा शब्द लिहिला आहे.

आठ दिवसांसाठी गेलेल्या मावशी चौथ्या दिवशी एसटीने परत आल्या. उजवं मनगट सुजलेलं. "भाकरी थापून," एवढंच म्हणाल्या. माहेरवाशिणीला इतक्या भाकरी का थापाव्या लागल्या, हे विचारणं बरं दिसलं नसतं. तर आता स्थिती अशी: मावशींना मनगटामुळे धार काढता येत नाही, गेणूकाकांना नऊ वर्षांत हौसाने जवळ येऊ दिलेलं नाही, आणि उरले मी. अशा वेळी एका मुक्या जनावराला सोडून बँकेच्या क्लासला बसणं माझ्या मनाला पटत नाही. बाबांनाही पटणार नाही, अशी खात्री आहे.

तुझी,
सृष्टी

ता. क. मावशींचं नाव पत्रात आलं आहे, म्हणून पाठवण्याआधी त्यांना ते वाचून दाखवणं मला योग्य वाटलं. 'कृतज्ञतेने'पर्यंत त्या डाव्या हाताने चुलीत काटक्या सारत ऐकत होत्या. मग इतक्या हसल्या की मी तव्यावर टाकलेली भाकरी जळाली. "अगं येडे, हौसा कुनालाबी धार देती! तुज्या काकानं कधी बसून बघितलं का?" त्या माहेरी गेल्या की भावजय सविता दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या माहेरी निघते, असं म्हणाल्या. साठवणीच्या चाळीतला कांदा निवडायला वीस बाया असतात, आणि त्यांच्या भाकरी कोण थापणार? नणंद. "हितं मी दोघांच्या थापते, तितं वीस जनींच्या. हे काय माहेर हाय का मेस?" मी म्हटलं, मग भावाला तसं सांगायचं होतंत. त्या म्हणाल्या, "त्याला वाईट वाटंल ना. म्हशीला काय वाईट वाटतंय?"

ता. क. २. खात्री करायला आत्ता गोठ्यात जाऊन आले. गेणूकाका डोक्यावर टोपी आणि कानावर विडी ठेवून धार काढत आहेत. हौसा डोळे मिटून रवंथ करते आहे. काका इतके खूश आहेत की उद्यापासून सकाळची धार त्यांची, मला फक्त संध्याकाळची, असं म्हणाले. म्हणजे वर लिहिलेलं कारण खोटं ठरलं. सगळं नव्याने लिहायला हवं, पण लियाकतभाई हॉर्न वाजवत आहेत. खरं कारण एका ओळीत लिहिते: मला राहायचं आहे. इथे दिवसातून एक तरी गोष्ट माझ्या हातून बरोबर होते आणि ती झाल्याचं चरवीत दिसतं. हे बाबांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल.

ता. क. ३. मावशी विचारतात, "तुज्या आत्याची म्हस कंची?" मी म्हटलं, आत्या नाशिकरोडला फ्लॅटमध्ये राहते, तिच्याकडे कुठली म्हैस! त्या म्हणाल्या, "असतीच. नीट आठव." मग आठवलं. दर दिवाळीला बाबा तुला चार दिवस राहायला बोलावतात, आणि तू म्हणतेस की गॅलरीतल्या बावीस कुंड्यांना पाणी कोण घालणार. गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, तू निर्धास्त जा, मी येऊन घालते. तेव्हा फोन कट झाला. मी ते रेंज गेल्याचं समजले आणि परत तीनदा लावला. आत्या, मला क्षमा कर. यंदा मी विचारणार नाही. रविवारी बाबांना म्हशीचंच सांग.