नुसतं सीडी म्हटलं की घर

तण्णीरमुक्कम,
२४ जून २०१३

चि. अनुमोळ हिस अम्मूम्माचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पाहून हसू नकोस. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुझा सुकुमामन उठता-बसता विचारतोय. मी त्याला म्हटलं, फोनवरचं बोलणं ठेवलं की संपलं, पत्र उशीखालून पुन्हा काढता येतं. आणि आजी झाल्यावर, पन्नाशीला साक्षरता वर्गात बसून अक्षरं गिरवली ती काय रेशनच्या दुकानात सही करण्यापुरती? तेव्हा तू कमरेएवढी होतीस आणि माझा ‘र’ उलटा आला की टाळ्या पिटायचीस. आता भोग.

इकडे सगळं ठीक. बदकं अंडी घालतात ती शेजारच्या लीलाम्माच्या कुंपणात जाऊन, त्यावरून तिची-माझी रोज जुंपते. काथ्या वळायला बसले की हात अजून चालतात, फक्त उठताना गुडघे बोलतात.

मुद्दा राहिलाच. सुकुमामन शारजातल्या ऑफिसात काम करून आलाय ना, तेव्हापासून त्याला सगळं कळतं. म्हणतो, अनू कॉम्प्युटरच्या ज्या काळ्या पडद्यावर शिकली तो आपल्या शाळांतला, कंपन्यांत असतो तो काळा पडदा निराळा. तीन महिन्यांची कच्ची नोकरी आहे, ओणमच्या आत परत येते की नाही बघ. मला राग आला. मी पैज लावली. तू पक्की झालीस तर ओणमच्या पायसमचे सगळे नारळ तो खवणार, नाही तर मी. त्याने आयुष्यात खवणीला पाय लावलेला नाही, तेव्हा माझी लाज राख.

पण खरं सांग, पडदे निराळे असतात?

तुझ्या वाटेकडे नाही, तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
अम्मूम्मा


तिरुप्पूर,
३ जुलै २०१३

ती. स्व. अम्मूम्मा, शि. सा. न.

पत्र मिळालं. ‘र’ सरळ आहे.

सुकुमामनला सांगू नकोस, पण तो म्हणतो ते खरंच आहे. मुलाखतीत इथल्या वेलायुधम सरांनी विचारलं की काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून काम करता येतं का. मी हो म्हटलं. कुणाचा काळा पडदा, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. आपल्या शाळेत लिनक्स होतं, इथे विंडोज. कामं तीच, हुकूम वेगळे. डब्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, काय काय आहे ते बघायला तिकडे एलएस म्हणायचं, इथे डीआयआर. नक्कल करायला तिकडे सीपी, इथे अख्खं कॉपी. पुसून टाकायला तिकडे आरएम, इथे डेल. पडदा झाडून स्वच्छ करायला तिकडे क्लिअर, इथे सीएलएस. नवा रिकामा डबा करायचा तर मात्र दोन्हीकडे एमकेडीआयआरच. तेवढं टाइप करताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. दिवसभर मी मनात जोड्या लावत असते. खोकी भरणाऱ्या पूंगोडी अक्काला वाटतं मी जप करते. ती विचारते, कुठल्या देवाचा गं?

सगळ्यात जास्त फसवलं ते सीडीने. लिनक्सवर कितीही आत, डब्यातल्या डब्यात गेलं असलं, तरी नुसतं सीडी म्हटलं की थेट घरी. यंत्रात आपली स्वतःची एक जागा असते, तिला घरच म्हणतात. इथे नुसतं सीडी म्हटलं तर यंत्र जागचं हलत नाही, फक्त तू अमुक ठिकाणी उभी आहेस एवढं सांगतं. घरी जायचं तर अख्खी वाट लिहावी लागते. पहिल्या आठवड्यात सवयीने सीडी म्हणत राहिले आणि ते आपलं तू इथे आहेस, तू इथे आहेस. एकदा रडूच आलं.

बनियनचा कारखाना मोठा आहे. माझं काम माल जाताना खोक्यांच्या चिठ्ठ्या काढायचं. कोपऱ्यात नवी यंत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडली आहेत, नव्या शेडसाठी म्हणे, पण त्यांना कुणी हात लावत नाही. माझ्याआधीच्या दोघींना एकेका चुकीवर घरी पाठवलं. तेव्हा मी फार जपून असते. भात इथे पांढरा, बारीक. आपला लाल जाडा भात स्वप्नात येतो.

गुडघ्यांना तेल लाव. तुझ्या रागावण्याची सवय असलेली,
अनू


तण्णीरमुक्कम,
१२ जुलै २०१३

चि. अनुमोळ, आयुष्यवंत हो.

तुझं पत्र मी तीन जागी वाचलं. ओसरीवर, मग बदकांपाशी, मग लीलाम्माला तिच्या कुंपणावरून ओरडून. भांडण मिटलं, कारण तिला तो जप फार आवडला.

अगं, यात नवल ते काय! मी तलश्शेरीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला मासळीचं कालवण येत नव्हतं का? येत होतं. पण आमच्याकडे आंबटाला चिंच, आणि इथे ती कोकमासारखी काळी कुडमपुळी. मी चिंच घातली. आमचे हे, तुझे अप्पूप्पन, पहिला घास घेऊन छताकडे बघत बसले. सासूबाई म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, कालवण परक्या गावचं आहे. पुढे महिनाभर मी हात डब्यात घालण्याआधी मनात म्हणायचे, तिथे चिंच तर इथे कुडमपुळी, तिथे हे तर इथे ते. मग एक दिवस म्हणायचं विसरले आणि हात आपोआप बरोबर डब्यात गेला. मीठ मात्र दोन्ही घरी मीठच. तुझं ते एमकेडीआयआर.

आता खरी बातमी. शाळेतल्या प्रसन्ना टीचरला तुझं पत्र दाखवलं, तर तिने मला हाताला धरून कॉम्प्युटरच्या खोलीत नेऊन बसवलं. मी, मुंडू नेसलेली, काथ्याच्या हातांची! इंग्रजी अक्षरं टीचरने बोटाने दाखवली, मी दाबली. एल, मग एस. आणि अनुमोळे, पडदाभर नावंच नावं! रेशनच्या दुकानात नावं पुकारतात तशी. मी म्हटलं, यात माझं नाव कुठाय? मग टीचरने माझ्याकडून एमकेडीआयआर लिहून घेऊन माझ्या नावाचा डबा केला. कार्त्यायनी. रिकामाच आहे, पण आहे.

आणि मी तिला म्हटलं, ते घरी जाण्याचं दाखव. ती डब्यातल्या डब्यातल्या डब्यात शिरली, मी खुर्ची घट्ट धरली, आणि मग नुसतं सीडी म्हणाली आणि आली की बाहेर अंगणात! मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा लावलं. वर्ग हसत होता, हसू दे.

तुझं ते तिथलं यंत्र मला आवडलं नाही. पण तू उभी कुठे आहेस ते तरी सांगतं ना? तेही कमी नाही. रडू नकोस. भाताचं मनावर घेऊ नकोस, आमटी भरपूर वाढून घे.

नारळांची काळजी असलेली,
अम्मूम्मा


तिरुप्पूर,
२० ऑगस्ट २०१३

ती. स्व. अम्मूम्मा, शि. सा. न.

माझ्या हातून घोटाळा झालाय. सुकुमामनला कळू देऊ नकोस.

लिनक्सवर डेट म्हटलं की यंत्र आजची तारीख सांगतं आणि गप्प बसतं. काल सकाळी इथे सहज डेट म्हटलं. त्याने तारीख सांगितली आणि वर नवी तारीख द्या म्हणालं. आपलं यंत्र असं कधीच विचारत नाही. मला वाटलं, कुठली तारीख दिली तर वार सांगत असेल. म्हणून ओणमची दिली, सोळा सप्टेंबर. कुठल्या वारी येतो बघावं, एवढंच मनात होतं. ते काही बोललं नाही, मीही कामाला लागले. अम्मूम्मा, त्याने तीच आजची तारीख धरली! दिवसभर निघालेल्या सगळ्या चिठ्ठ्यांवर ओणम. खोकी भरली, रात्री लॉरी तूत्तुकुडीच्या बंदरावर गेली, आणि आज सकाळी तिथल्या माणसाने पुढच्या महिन्यातला माल आज कसा आला, असं म्हणून लॉरी परत फिरवली. सर एवढे चिडले की चहाचा पेला हातात तसाच राहिला.

तारीख मी मुकाट्याने नीट केली. माझ्यावर कुणाचा संशय नाही. यंत्र म्हातारं झालंय, त्याचं घड्याळ बिघडलं, असं सगळे म्हणतात. पुढच्या आठवड्यात दुरुस्तीवाला येणार आहे. पूंगोडी अक्काला तेवढं सांगितलं, तर ती म्हणाली, वेडी आहेस का, तोंड मिटून बस, ओणम झाला की तू पक्की.

काय करू?

तुझी,
अनू


तण्णीरमुक्कम,
२३ ऑगस्ट २०१३

चि. अनुमोळ हिस आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

पत्र आत्ता आलं, आत्ताच लिहायला बसले. पोस्टमन जोसकुट्टी दारात थांबलाय, त्याला केळं दिलंय, ते संपेपर्यंत लिहून व्हायला हवं.

आधी हसले, ते सांगते. अख्ख्या कारखान्यात महिनाभर आधी ओणम आणलास! एवढी घाई तर ओणमला भेटीला येणाऱ्या महाबळी राजालाही नसेल.

आता ऐक. सांगून टाक. पूंगोडी अक्का तुझं भलंच बघते, तिच्यावर रागावू नकोस. पण दुरुस्तीवाला येईल, त्याला काही सापडणार नाही, आणि तो बिचारा चांगलं घड्याळ उपसून ठेवेल. तू रोज सरांच्या तोंडाकडे बघत बसशील, यांना कळलं की काय म्हणून. मग पक्की होऊन काय उपयोग? तुला तिथे नीट उभं राहता आलं पाहिजे. त्या यंत्राने सांगितलं की तू इथे आहेस, तर मान वर करून हो म्हणता आलं पाहिजे.

कामावरून घालवलं तर घालवलं. ये निघून. नारळ मी खवीन, हातांत जोर आहे. सुकु चिडवेल, त्याला मी बघते. पत्रात काय, म्हणून विचारत होता, तुला सर्दी झालीय असं सांगितलंय.

केळं संपलं.

कसंही झालं तरी तुझीच,
अम्मूम्मा


तिरुप्पूर,
२ सप्टेंबर २०१३

ती. स्व. अम्मूम्मा, शि. सा. न.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी सांगून आले होते. पण पत्र वाचल्यावर असं वाटलं की तुला विचारूनच गेले होते.

सरांपुढे उभी राहिले आणि सगळं बोलले, तारखेचं आणि मुलाखतीतलंही. सर म्हणाले, डेट म्हटलं की ते यंत्र दर वेळी नवी तारीख विचारतं, आम्ही सगळे न वाचता बटण दाबून पुढे जातो. उत्तर देणारी तूच पहिली निघालीस. मग जरा दरडावून विचारलं, विंडोज नव्हतं येत तर येत काय होतं? मी लिनक्स म्हटल्याबरोबर ते उठले. मला वाटलं, दार दाखवणार. ते कोपऱ्यात गेले आणि नव्या यंत्रावरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

ती सगळी लिनक्सची यंत्रं आहेत! माल घेणाऱ्यांनी नव्या शेडसाठी तीच हवीत म्हणून सांगितलंय, आणि इथे कुणालाच येत नाही म्हणून सर महिनोन्‌महिने टाळत होते. म्हणाले, चालव. एलएस म्हटलं, नावं आली. आत आत शिरले आणि मग काही गरज नसताना नुसतं सीडी म्हटलं. अम्मूम्मा, ते घरी गेलं.

मी पक्की झालेय. ओरडा मात्र पोटभर खाल्ला. परत आलेल्या लॉरीच्या सगळ्या चिठ्ठ्या सुटीच्या दिवशी एकटीने नव्याने काढल्या. आता सगळ्यांना जोड्या शिकवायच्या आहेत, इथे हे तर तिथे ते. पहिले विद्यार्थी सर. त्यांनी पडदा झाडायला सवयीने सीएलएस लिहिलं, तर यंत्र म्हणालं असा हुकूमच नाही. उलट उत्तर देणाऱ्या पोराकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. पूंगोडी अक्का तोंडाला पदर लावून बाहेर पळाली.

एकच वाईट. नवी शेड ओणमच्याच आठवड्यात सुरू होते. मला येता येणार नाही. पैज तू जिंकलीस, पण पायसम माझ्याविना.

रागावू नकोस. तुझी,
अनू


तण्णीरमुक्कम,
१७ सप्टेंबर २०१३

चि. अनुमोळ, माझी पक्की मुलगी, आशीर्वाद.

काल ओणम छान झाला. सुकुमामनने नारळ खवले. मी त्याला मुद्दाम बोथट खवणी दिली. अर्ध्यात म्हणाला, शारजात यंत्राने खवतात. मी म्हटलं, इथे हाताने, काम तेच. लीलाम्मा कुंपणापलीकडून मोजून नारळ पुढे करत होती. त्याच्या बोटाला खरचटलं, पण पायसम इतकं दाट झालं की त्यालाच दोनदा हवं. शेवटी म्हणाला, अनू हुशार आहे, मी आधीपासून म्हणतच होतो. मी त्याच्या पेल्यात आणखी पायसम वाढलं. सणाचा दिवस.

तुझं पान मांडलं होतं. कुणी बसलं नाही, तेवढं बरं वाटलं नाही. मग प्रसन्ना टीचर पायसम खायला आली, तिला तिथे बसवलं. आता तिने मला कबूल केलंय की शाळा उघडली की तुझी पत्रं ती माझ्या नावाच्या डब्यात टाइप करून ठेवील. म्हणजे तो रिकामा राहणार नाही.

तू आता दोन्ही पडद्यांची झालीस. पण रोज कुठला पुढ्यात येईल काय नेम, आणि त्यातला एक वाट लिहिल्याशिवाय घरी नेत नाही. म्हणून वाट लिहून ठेवते. आलप्पुळाची गाडी, चेर्तलाला उतरायचं. बसने बंधाऱ्यापर्यंत. तिथून डाव्या हाताची पायवाट, काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजत घातलेल्या डबक्याचा वास आला की वाट बरोबर आहे. लीलाम्माचं कुंपण, बहुतेक त्यात आपलं एखादं बदक असेल, त्याला घेऊन ये. पुढचं दार आपलं. लोटलेलं असतं, कडी लावत नाही.

आणि एवढं सगळं आठवलं नाही तर नुसतं येते म्हण. मी तुझं शाळेतलं जुनं यंत्र आहे, मला तेवढं पुरतं.

तुझी,
अम्मूम्मा